रांग समीकरणांत कशी लिहायची: अमूर्त डेटा टाइपमागचं बीजगणित, कळमन्याच्या काट्यावरून

नागपुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘क्यू (रांग) म्हणजे काय’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं: एक ॲरे आणि त्यात फ्रंट व रिअर असे दोन इंडेक्स. हे क्यू बनवायच्या एका पद्धतीचं वर्णन झालं. लिंक्ड लिस्ट वापरली किंवा दोन स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढायचं अशा रचना) जोडले, तरी तयार होतो तो क्यूच. मग या सगळ्यांत सामायिक काय असतं? ते नेमकं लिहून काढायचं साधन म्हणजे बीजगणित. ते हातात आलं की कोड तपासायला कसोटी मिळते, आणि काम देणाऱ्या माणसाला कोणता प्रश्न विचारायचा राहिलाय हेही कोड लिहिण्याआधीच कळतं. माझ्या मते यातला दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे.

१९७४ साली एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलेस यांनी अमूर्त डेटा टाइपची कल्पना मांडली. वापरणाऱ्याला फक्त ऑपरेशन्स दिसावीत, आतली मांडणी दिसू नये, असा तिचा गाभा. पण आतलं झाकून टाकलं तर त्या ऑपरेशन्सना अर्थ कुठून येणार? झिलेस यांनी, आणि टोरोंटो विद्यापीठातल्या १९७५च्या प्रबंधात जॉन गुटॅग यांनी, उत्तर दिलं की ऑपरेशन्समधल्या समीकरणांतून. शाळेत बेरजेची क्रमनिरपेक्षता शिकताना संख्या कशाची बनली आहे हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. अ + ब = ब + अ असे नियमच सांगितले, आणि तेवढ्यावर आपली गणितं सुटली. इथेही तेच करायचं आहे.

उदाहरण आपल्याच गावचं घेऊ. समजा, संत्र्याचा आंबिया बहार सुरू आहे, काटोल, नरखेड, वरूडकडून संत्र्याच्या गाड्या नागपूरच्या कळमना बाजारात येताहेत. तिथल्या वजनकाट्यापुढच्या रांगेसाठी टोकनचं सॉफ्टवेअर लिहायचं काम तुमच्याकडे आलं आहे. सोयीसाठी प्रत्येक गाडीला तिच्या गावाचंच नाव देऊ.

पायरी १: सिग्नेचर लिहा

सिग्नेचर म्हणजे सॉर्ट आणि ऑपरेशन्स यांची यादी. आधी सॉर्ट, म्हणजे कोणकोणत्या जातीच्या गोष्टी आहेत ते: रांग, गाडी आणि होय-नाही. मग ऑपरेशन्स, प्रत्येकात काय जातं आणि काय बाहेर येतं तेवढंच लिहायचं.

नवी : → रांग
लाव : रांग, गाडी → रांग
सोड : रांग → रांग
पहिली : रांग → गाडी
रिकामी : रांग → होय-नाही

सी किंवा जावाची सवय असलेल्यांनी एक गोष्ट जपावी. तिथे पॉप किंवा डीक्यू एकाच वेळी वस्तू परतही देतो आणि रांग बदलतोही. इथे ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत: पहिली(र) फक्त र या रांगेत पुढे कोणती गाडी आहे ते सांगते, आणि सोड(र) पुढची गाडी निघून गेल्यानंतरची रांग देते. काहीच जागच्या जागी बदलत नाही, म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजू शांतपणे मांडता येतात.

या टप्प्यावर यात रांगेचं म्हणावं असं काहीही नाही. नावं पुसून क, ख, ग लिहिली तर हीच सिग्नेचर स्टॅकलाही चालते. नावांमधून आपल्याला जो अर्थ जाणवतो तो मशीनला जाणवत नाही, म्हणून पुढची सगळी मेहनत.

पायरी २: घडवणारी ऑपरेशन्स वेगळी काढा

स्वतःला विचारा: कोणती ऑपरेशन्स वापरली की जगातली प्रत्येक रांग लिहून होते? इथे नवी आणि लाव पुरतात. आधी काटोल, मग वरूड आली तर रांग अशी दिसते:

लाव(लाव(नवी, काटोल), वरूड)

सोड वापरूनही रांगा लिहिता येतात, पण सोडने मिळणारी कोणतीही रांग नवी आणि लाव वापरून लिहिता येतेच. म्हणून नवी आणि लाव या घडवणाऱ्या, म्हणजे कन्स्ट्रक्टर. पहिली आणि रिकामी या विचारणाऱ्या. सोड ही बदलणारी. ही वाटणी चुकली तर पुढे समीकरणं कमी पडतात किंवा एकमेकींवर आदळतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

पायरी ३: डाव्या बाजू आधी, उजव्या नंतर

नवशिके इथे अडतात, कारण ‘क्यूचे नियम काय’ असा मोकळा प्रश्न घेऊन बसतात. त्यापेक्षा डाव्या बाजू यंत्रवत तयार करा. कन्स्ट्रक्टर नसलेलं प्रत्येक ऑपरेशन प्रत्येक कन्स्ट्रक्टरवर लावा. तीन ऑपरेशन्स, दोन कन्स्ट्रक्टर, म्हणजे सहा डाव्या बाजू. आता एकेक करून उजवी बाजू भरा.

रिकामी(नवी) = होय
रिकामी(लाव(र, ग)) = नाही
पहिली(नवी) = ?
पहिली(लाव(र, ग)) = जर रिकामी(र) तर ग, नाहीतर पहिली(र)
सोड(नवी) = ?
सोड(लाव(र, ग)) = जर रिकामी(र) तर नवी, नाहीतर लाव(सोड(र), ग)

चौथं समीकरण बोलीत वाचा: र या रांगेच्या मागे ग गाडी लागली. र रिकामी होती तर ग हीच पहिली. नसेल तर जी आधी पहिली होती तीच अजून पहिली. सहावं नीट पटलं नाही तर हातानं चालवून बघा. लाव(लाव(नवी, काटोल), वरूड) या रांगेतून एक गाडी सोडायची आहे. इथे ग म्हणजे वरूड आणि र म्हणजे लाव(नवी, काटोल). र रिकामी नाही, म्हणून

सोड(लाव(लाव(नवी, काटोल), वरूड))
= लाव(सोड(लाव(नवी, काटोल)), वरूड)
= लाव(नवी, वरूड)

आतल्या सोडला रिकामी र मिळाली, तिनं नवी दिली, आणि काटोलची गाडी काट्यावर गेली. ॲरे नाही, पॉइंटर नाही, तरी हिशोब पूर्ण झाला.

आता फक्त दोन उजव्या बाजू बदला: पहिली(लाव(र, ग)) = ग आणि सोड(लाव(र, ग)) = र. झाला स्टॅक. सिग्नेचर तीच, कन्स्ट्रक्टर तेच. रांग आणि स्टॅक यांच्यातला सगळा फरक या दोन ओळींत मावतो. काट्यावर या दोन ओळी चुकून घातल्या तर सर्वांत शेवटी आलेला शेतकरी सर्वांत आधी वजन करून निघेल, आणि पहाटे आलेला माणूस दुपारपर्यंत उन्हात उभा राहील.

याच समीकरणांतून एक हमीही सिद्ध होते: भरलेल्या, म्हणजे रिकामी नसलेल्या, रांगेच्या मागे कितीही गाड्या लागल्या तरी पुढची गाडी बदलत नाही. एक गाडी लागली तर चौथं समीकरण थेट सांगतं की पहिली तीच राहिली, आणि दुसरं सांगतं की रांग भरलेलीच आहे. दुसरी गाडी लागली तर तोच युक्तिवाद पुन्हा. गणितात याला विगमन म्हणतात. लागलेल्या गाड्यांच्या संख्येवर विगमन केलं की काम झालं. ‘पहिल्या गाडीपुढे कोणी घुसणार नाही’ हे आश्वासन आता सिद्ध झालेलं विधान आहे.

पायरी ४: रिकाम्या टोकाशी थांबा

पहिली(नवी) आणि सोड(नवी) या दोन प्रश्नचिन्हांवर जेवढा वेळ जाईल तेवढा चांगला. बरेच प्रोग्राम इथेच कोसळतात.

सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे ‘चूक’ नावाचं एक मूल्य गाडी या सॉर्टमध्ये घालायचं आणि पहिली(नवी) = चूक लिहायचं. पण चूक आता कायद्यानं गाडी झाली. लाव(र, चूक) ही वैध रांग झाली. तिचं काय करायचं ते पुन्हा समीकरणांनी सांगावं लागतं, आणि तिथून घोटाळा सुरू होतो. संख्यांमध्ये हा घोटाळा स्पष्ट दिसतो. समजा वजन गुणिले दर करताना कुठेतरी चूक आली, आणि चूक पुढे वाहत राहावी म्हणून तुम्ही लिहिलं:

न × चूक = चूक
न + चूक = चूक

आधीपासून ० × न = ० आणि न + ० = न ही समीकरणं आहेतच. आता ० × चूक बघा. एका नियमानं ते ०, दुसऱ्यानं ते चूक. म्हणजे ० = चूक. मग कोणताही न घ्या: न = न + ० = न + चूक = चूक. प्रत्येक संख्या चूक ठरली, सगळं वजन, सगळे दर एकच झाले. दोन निरागस ओळींनी अख्खं बीजगणित चिरडलं. आयबीएमशी जोडलेल्या ज्या गटानं या सिद्धांताचा पाया घातला, म्हणजे जोसेफ गोगेन, जेम्स थॅचर, एरिक वॅग्नर आणि जेसी राइट, त्यांनी या चूक-मूल्यांच्या प्रश्नावर बरंच काम केलं.

मला दोन मार्ग विश्वासाचे वाटतात. पहिला: पहिलीचं उत्तर गाडी या सॉर्टमध्ये न ठेवता ‘गाडी किंवा काही नाही’ असा वेगळा सॉर्ट करायचा. हास्केल भाषेतला मेबी किंवा रस्ट भाषेतला ऑप्शन हाच. मग चूक कधी गाडी म्हणून रांगेत शिरूच शकत नाही. दुसरा: भरलीरांग असा उपसॉर्ट करायचा, लावचं उत्तर भरलीरांग ठेवायचं आणि पहिली व सोड फक्त भरलीरांगेवरच चालतील असं सिग्नेचरमध्येच लिहायचं. मग ती दोन प्रश्नचिन्हं लिहावीच लागत नाहीत. गोगेन यांच्या ओबीजे भाषांच्या घराण्यात हा मार्ग पुढे विकसित झाला. फक्त सोडचं उत्तर साधी रांगच असते, त्यामुळे लागोपाठ दोनदा सोडायचं तर मधे तपासावं लागतं.

सोड(नवी) = नवी असंही चालतं का? बीजगणिताच्या दृष्टीनं चालतं. पण काट्यावरच्या माणसानं रिकाम्या रांगेत ‘पुढची गाडी’चं बटण दाबलं तर गुपचूप काहीच होऊ नये की सूचना यावी, हे त्यालाच विचारायला हवं.

पायरी ५: दोन तपासण्या

पहिली तपासणी पुरेपणाची. कन्स्ट्रक्टरांनी लिहिलेली कुठलीही रांग घ्या, तिला कुठलाही प्रश्न विचारा. समीकरणं लावत गेल्यावर शेवटी होय, नाही किंवा गाडीचं नाव असं ठोस उत्तर मिळतं का? गुटॅग यांनी याच गुणाला पुरेसा पूर्णपणा म्हटलं. तिसऱ्या पायरीतली डाव्या बाजूंची युक्ती वापरली असेल तर हे जवळपास फुकट मिळतं. फक्त उजवीकडची पुनरावृत्ती नेहमी लहान रांगेवर आहे ना ते बघा. आपल्याकडे लाव(र, ग) वरून आपण र वर येतो, म्हणून गाडं कुठेतरी थांबतंच.

दुसरी तपासणी सुसंगतीची: होय = नाही किंवा काटोल = वरूड असं कुठूनही निघता कामा नये. डाव्या बाजू एकमेकींवर चढत नसतील, म्हणजे कुठल्याही पदाला एका जागी एकच नियम लागू होत असेल, आणि प्रत्येक हिशोब थांबत असेल, तर काळजी नाही. कोणत्याही क्रमानं सोडवलं तरी उत्तर एकच येतं. डाव्या बाजू एकमेकींवर चढत असतील तेव्हा काय करायचं, याची पद्धत डोनाल्ड नूथ आणि पीटर बेंडिक्स यांनी १९७० मध्ये दिली.

ही तपासणी कोरडी वाटते, पण प्रत्यक्षात चूक अशी शिरते: कोणी म्हणतं, ‘नुकतंच दिलेलं टोकन रद्द करायची सोय हवी,’ आणि घाईत कोणीतरी जुन्या सहा ओळींखाली सातवी जोडतं: सोड(लाव(र, ग)) = र. आता र = लाव(नवी, काटोल) आणि ग = वरूड घ्या. सहाव्यानुसार उत्तर लाव(नवी, वरूड), सातव्यानुसार लाव(नवी, काटोल). दोघांवर पहिली लावा: वरूड = काटोल. सगळ्या गाड्या एक झाल्या. टोकन रद्द करणं हे वेगळं ऑपरेशन आहे, त्याला वेगळं नाव द्यायला हवं.

पायरी ६: या समीकरणांचा अर्थ कोणती वस्तू?

समीकरणं पाळणाऱ्या रचना पुष्कळ असू शकतात. सगळ्या गाड्या एकच मानणारी रचनाही ती पाळते, पण ती आपल्याला नको. गोगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवड केली ती आरंभिक बीजगणिताची. त्याच्या दोन अटी आहेत. त्यात कचरा नको: कन्स्ट्रक्टरांनी लिहिता येत नाही अशी एकही वस्तू नसावी. आणि गोंधळ नको: समीकरणांवरून सिद्ध होत नाही अशी एकही समानता नसावी. अशी रचना मूलतः एकच असते, आणि तिच्यापासून समीकरणं पाळणाऱ्या दुसऱ्या प्रत्येक रचनेकडे ऑपरेशन्स जपणारं नेमकं एकच फलन असतं.

शेवटचं वाक्य जड आहे, पण रोजच्या कामात ते असं उतरतं: रांगेवर नवं फलन लिहायचं तर नवी साठी एक किंमत आणि लाव साठी एक पायरी सांगितली की पुरतं, बाकी काही ठरवायचं उरत नाही.

मोजणी(नवी) = ०
मोजणी(लाव(र, ग)) = मोजणी(र) + १

फंक्शनल भाषांमधला फोल्ड तो हाच.

पायरी ७: कोड बरोबर आहे हे दाखवा

आता ॲरेकडे वळू. टोनी होअर यांनी १९७२ मध्ये दाखवलेली रीत सरळ आहे: मशीनमधल्या प्रत्येक स्थितीला तिची अमूर्त रांग देणारं एक फलन लिहा, त्याला ‘अर्थ’ म्हणू. मग प्रत्येक ऑपरेशनसाठी तपासा की आधी कोड चालवून अर्थ काढला काय आणि आधी अर्थ काढून समीकरणातलं ऑपरेशन चालवलं काय, उत्तर एकच येतं.

चार खान्यांचा वर्तुळाकार ॲरे घ्या, खाने ० ते ३. सुरुवात = ३, संख्या = २. खाना ३ मध्ये नरखेड, खाना ० मध्ये वरूड. खाना १ आणि २ मध्ये जुन्या गाड्यांची नावं पडून आहेत, ती अर्थात धरायची नाहीत. अर्थ: लाव(लाव(नवी, नरखेड), वरूड). काटोल लावायची तर जागा ३ + २ ला ४ ने भागून उरणारी बाकी, म्हणजे खाना १. संख्या ३ होते आणि अर्थाच्या मागे नेमकी एक लाव चढते. त्याऐवजी मूळ स्थितीत सोड चालवली तर सुरुवात ०, संख्या १, अर्थ लाव(नवी, वरूड). समीकरणंही हेच सांगतात.

आता संख्या काढून टाका आणि पुस्तकातल्यासारखे फक्त फ्रंट आणि रिअर ठेवा, रिअर म्हणजे पुढची मोकळी जागा. फ्रंट = रिअर असेल तर रांग रिकामी की पूर्ण भरलेली? परीक्षेत हमखास येणारा हा प्रश्न आहे, आणि एक खाना मोकळा ठेवायचा हे त्याचं पाठ केलेलं उत्तर. खरं कारण असं, की एकाच स्थितीला दोन वेगळ्या रांगा अर्थ म्हणून चिकटतात, म्हणजे ‘अर्थ’ हे फलनच राहत नाही. उलट दोन वेगळ्या स्थितींचा अर्थ एकच असणं पूर्ण चालतं: काटोल खाना ० मध्ये असो की २ मध्ये, रांग तीच.

आणि चारही खाने भरले की? समीकरणांतल्या लावला मर्यादा नाही, ॲरेला आहे. एकतर ॲरे मोठा करा, त्यानं अर्थ बदलत नाही. नाहीतर मर्यादित रांगेसाठी वेगळी सिग्नेचर आणि वेगळी समीकरणं लिहा. जुनी समीकरणं दाखवून मर्यादित कोड देणं म्हणजे न पाळता येणारं वचन देणं.

पायरी ८: समीकरणंच टेस्ट म्हणून चालवा

सिद्धता द्यायला वेळ नसेल तरी समीकरणं वाया जात नाहीत. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली हास्केलसाठी क्विकचेक हे टेस्टचं साधन आणलं. पायथनमध्ये हायपोथेसिस आहे. र आणि ग च्या जागी यादृच्छिक किंमती घालून ही साधनं दोन्ही बाजू काढून ताडून पाहतात, आणि बिघाड सापडला की तो लहानात लहान उदाहरणापर्यंत आणून दाखवतात. फक्त दोन ॲरे थेट ताडून पाहू नका; दोन्ही बाजूंचा अर्थ काढा आणि तो ताडा, नाहीतर बरोबर कोडही नापास होईल.

कन्स्ट्रक्टरांमध्येच समीकरण असेल तर

काट्याच्या नोंदवहीत ‘आज कोणकोणत्या गावांहून माल आला’ असा संच ठेवायचा असेल तर घाल या कन्स्ट्रक्टरवरच दोन नियम येतात:

घाल(घाल(स, अ), ब) = घाल(घाल(स, ब), अ)
घाल(घाल(स, अ), अ) = घाल(स, अ)

इथे वरची सोपी मोजणी वापरली तर काटोल दोनदा घातलेल्या संचाची मोजणी २ येते, आणि तोच संच एकदा घातलेला म्हणून १ येते. २ = १. कन्स्ट्रक्टरांत समानता आली की प्रत्येक नवं फलन ती जपतं का हे तपासावंच लागतं. संचाची खरी मोजणी आधी विचारते, अ आहे का. असेल तर आकडा वाढवत नाही. दुसरा नियम काढून फक्त पहिला ठेवला तर ‘कुठून किती गाड्या’ सांगणारी पिशवी मिळते, आणि तिथे सोपी मोजणी बिनधोक चालते.

राहिलेलं काम: रद्द

आता पाचव्या पायरीत मागितलेली सोय करा. रद्द : रांग, गाडी → रांग. कन्स्ट्रक्टर दोन, म्हणून समीकरणं दोन.

रद्द(नवी, अ) = नवी
रद्द(लाव(र, ग), अ) = जर ग = अ तर र, नाहीतर लाव(रद्द(र, अ), ग)

ही समीकरणं मागून शोधत येतात, म्हणून एकच गाडी रांगेत दोनदा असेल तर तिचं नंतरचं टोकन जातं आणि आधीची जागा टिकते. पहिल्या फांदीत र च्या जागी रद्द(र, अ) लिहिलं तर त्या गाडीची सगळी टोकनं जातात. एकच पिकअप सकाळी माल उतरवून दुपारी दुसरी खेप घेऊन येते तेव्हा यातलं कोणतं हवं, हे अडत्याला आणि काटेवाल्याला विचारून मगच ती ओळ पक्की करा.